फल आणि व्यापार : द्रव्यविषयक बैठ्या खेळांची एक समीक्षा

१

मुलांना पैशाचे ज्ञान कोणत्या साधनाने द्यावे, हा प्रश्न आपल्या शिक्षणविचारात अलीकडे पुन्हा अग्रभागी आला आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळ आणि खेळणी यांना अध्यापनाच्या साधनांत मानाचे स्थान दिले. त्याच वर्षी, २०२० ते २०२५ या कालखंडाकरिता, वित्तीय शिक्षणाची राष्ट्रीय व्यूहनीतीही प्रसिद्ध झाली. या दोन विचारांचा मिलाफ जेथे सहज होतो असे साधन म्हणजे पटावरचा खेळ होय. 'व्यापार', 'नवा व्यापार' अथवा 'बिझनेस' या नावांनी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या खेळला जाणारा पट मुलांना पैशाचा व्यवहार शिकवतो, असे पालक सांगतात, शिक्षक सांगतात आणि खेळ विकणारेही सांगतात.

हे विधान तपासून पाहण्याचे काम सामान्यतः अर्थशास्त्राचे वा मानसशास्त्राचे मानले जाते. प्रस्तुत लेखात ते भाषेच्या अंगाने करावयाचे योजिले आहे. पटावरचा खेळ ही एक संहिता आहे. तिचे तीन थर आहेत : पटाच्या घरांवर लिहिलेली अक्षरे, नियमावलीतील आज्ञार्थी वाक्ये आणि खेळताना मुलांच्या तोंडून निघणारे बोलणे. मूल पैशाविषयी जे काही शिकते ते या तीन थरांतून शिकते. कागदी नोटा हातात खेळवल्याने त्याला नोटांचा स्पर्श कळेल. परंतु वेतन, भाडे, कर, कर्ज, नफा या संकल्पना म्हणजे शब्दांचे अर्थ आहेत, आणि ते अर्थ वाक्यांतूनच मनात उतरतात. म्हणून ही वाक्ये कोणती, आणि त्यांत कोणत्या क्रियेचा कर्ता कोण, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या तपासणीला आपल्याच व्याकरणपरंपरेतील एक भेद फार उपयोगी पडतो. धातूच्या अर्थात वैयाकरणांनी दोन अंश मानले आहेत. एक फल आणि दुसरा ते फल घडवून आणणारा व्यापार. 'ती भात शिजवते' या वाक्यात भात मऊ होणे हे फल. चूल पेटवणे, आधण ठेवणे, जाळ सारणे हा व्यापार. सतराव्या शतकातील कौण्डभट्टाच्या 'वैयाकरणभूषणसारा'त या विचाराची सविस्तर चर्चा आहे. व्यापाराचा आश्रय तो कर्ता, फलाचा आश्रय ते कर्म, अशी ही व्यवस्था. आपल्या घरोघरच्या पटाचे नावही योगायोगाने 'व्यापार' हेच आहे. मात्र त्या पटावर मुलाला पैशाचे फल तेवढे दिसते, व्यापार दिसत नाही. हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे. ते का व कसे घडले याला इतिहास आहे. प्रथम तो पाहू.

२

आपल्याकडच्या 'व्यापार'चा मूळ साचा अमेरिकेतील 'मोनॉपली' या खेळाचा आहे, हे सर्वश्रुत आहे. तो खेळ पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९३५ साली बाजारात आणला आणि चार्ल्स डॅरो या बेकार झालेल्या गृहस्थाने तो मंदीच्या काळात एकट्याने शोधून काढला, अशी कथा कित्येक वर्षे प्रचारात होती. वस्तुतः त्या खेळाचे पूर्वरूप तीन दशके जुने होते. एलिझाबेथ मॅगी या वॉशिंग्टनमधील लघुलेखिकेने 'द लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे 'जमीनमालकाचा खेळ', या नावाच्या पटाचे एकस्व १९०४ च्या जानेवारीत मिळवले होते. मॅगी ही हेन्री जॉर्जच्या विचारांची अनुयायी होती. 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या १८७९ च्या ग्रंथात जॉर्जने असे प्रतिपादले होते की, जमिनीचे मूल्य समाजाच्या वाढीमुळे वाढते, म्हणून त्या मूल्यापासून मिळणारे उत्पन्न एकाच कराच्या रूपाने समाजाकडे यावे. हा विचार मुलांना आणि प्रौढांना प्रत्यक्ष अनुभवाने पटावा, एवढ्याच हेतूने मॅगीने पट रचला. खेळता खेळता मुलांना या व्यवस्थेतील अन्याय दिसेल आणि मोठेपणी ती त्यावर उपाय शोधतील, अशी तिची अपेक्षा होती.

डॅरोचा पट मॅगीच्या पटापासून निघाला, याचे एक प्रमाण पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष रंजक वाटेल. मधल्या काळात हा खेळ हस्तलिखित ग्रंथाप्रमाणे हाताने रंगवलेल्या प्रतींतून पसरला. विद्यापीठांतील विद्यार्थी, मित्रमंडळी आणि अटलांटिक सिटी येथील क्वेकर पंथीय कुटुंबे त्याच्या नकला करीत, आणि प्रत्येक जण आपल्या गावातील रस्त्यांची नावे घाली. अटलांटिक सिटीच्या प्रतीत शेजारच्या 'मार्व्हन गार्डन्स' या वस्तीचे नाव होते. डॅरोला खेळ शिकवणाऱ्या मित्राच्या प्रतीत ते चुकून 'मार्व्हिन' असे लिहिले गेले, आणि डॅरोच्या छापील पटावरही ते 'मार्व्हिन' असेच अवतरले. दोन प्रतींतील समान प्रमाद हा समान कुळाचा पुरावा होय, हे तत्त्व डॉ. सु. मं. कत्रे यांच्या १९४१ सालच्या पाठचिकित्साविषयक ग्रंथाच्या वाचकांना नवे नाही. पुढे राल्फ अन्स्पाख या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७३ साली 'अँटी-मोनॉपली' नावाचा खेळ काढला. त्यातून उद्भवलेला खटला जवळजवळ एक दशक चालला, आणि त्या ओघात ही सारी वंशावळ उजेडात आली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते प्रतींच्या या प्रवासात काय गळाले. मॅगीच्या १९०४ च्या पटावर आरंभाच्या कोपऱ्यात पृथ्वीचे चित्र होते, आणि पृथ्वीमातेवर केलेल्या श्रमातून वेतन उत्पन्न होते अशा अर्थाचे वाक्य तेथे लिहिलेले होते. पटाची एक फेरी म्हणजे एवढे श्रम झाले असे समजावे आणि त्याबद्दल खेळाडूस शंभर डॉलर द्यावेत, असा नियम होता. दुसऱ्या कोपऱ्यात सार्वजनिक उद्यान आणि दरिद्री लोकांचे आश्रयगृह शेजारी शेजारी होते. वाटेत भाकरी, कोळसा, वस्त्र, निवारा यांची घरे होती, आणि त्यांवर येणाऱ्याला खर्च करावाच लागे. दुसऱ्याच्या जमिनीत शिरल्याबद्दल तुरुंगात पाठवणारे एक घर होते, व त्या जमिनीचा मालक दूर लंडनला राहणारा एक उमराव आहे असे पटावरच सांगितले होते.

१९३५ च्या पटावर ही अक्षरे दिसत नाहीत. आरंभाच्या घरी आता फक्त पुढे जाण्याची आज्ञा आहे आणि तेथून जाताना दोनशे डॉलर पगार घ्यावा असे म्हटले आहे. 'वेतन' जाऊन 'पगार' आला हा शब्दबदल वरवर किरकोळ वाटेल. परंतु त्याबरोबर 'श्रम' हा शब्द गळाला, आणि वाक्यातील व्यापाराचा अंश नाहीसा झाला. उद्यान आणि आश्रयगृह यांच्या जागी गाडी उभी करण्याची फुकट जागा आली. भाकरी आणि कोळसा गेले. तुरुंगाचे घर राहिले, पण तुरुंगात का जावयाचे हे सांगणारा जमीनमालक गेला. मॅगीने आपल्या खेळाला पुढे दुसरीही एक नियमावली जोडली होती. तीनुसार जमिनीचे भाडे मालकाकडे न जाता सार्वजनिक कोषात जमा होई. ती नियमावलीही वगळली गेली. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने मॅगीचे १९२४ चे दुसरे एकस्व पाचशे डॉलर देऊन विकत घेतले. विक्रीतील वाटा तिला मिळाला नाही. स्वामित्वाविषयी प्रश्न विचारण्यासाठी रचलेला खेळ अशा रीतीने स्वामित्वाचा सोहळा होऊन बसला.

असे घडण्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटावर घरोघर सद्‌गुण आणि दुर्गुण यांची नावे लिहिलेली असत. कोणत्या दोषाने अधःपात होतो आणि कोणत्या गुणाने उन्नती होते, हे सोंगटीबरोबर वाचले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडला गेला, तेव्हा प्रथम त्यावरील गुणदोष बदलले आणि पुढे ते पुसले जाऊन केवळ आकडे, साप आणि शिड्या उरल्या. अक्षरे गेली की पटाचा उपदेश जातो, पण चाल तशीच राहते. आणि खेळणाऱ्याला काही गेले आहे याची जाणीवही उरत नाही.

३

आता मराठी मुलाच्या बोलण्याकडे वळू. आपल्या पटांपैकी काहींवर मुंबईतील वस्त्यांची नावे असतात, काहींवर देशातील शहरांची. तुरुंग, विश्रामगृह, प्राप्तिकर अशी घरेही असतात. साचा मात्र एकच आहे : फासे टाकावेत, जागा घ्यावी, तीवर घरे बांधावीत आणि दुसरा तेथे आला की त्याच्याकडून भाडे घ्यावे.

या खेळाला 'व्यापार' म्हणणे कितपत यथार्थ आहे? व्यापारी माल विकत घेतो, तो वाहून नेतो, साठवतो आणि अधिक किमतीला विकतो. या पटावर माल नाही, गिऱ्हाईक नाही, वखार नाही, आणि खरेदीची किंमत व विक्रीची किंमत यांतील फरकही नाही. एकमेव फायदेशीर क्रिया म्हणजे जागा धरून बसणे आणि वाटसरूंकडून भाडे घेणे. याला आपल्या भाषेत जमीनदारी म्हणतात. म्हणजे मॅगीने दिलेले नावच वस्तुस्थितीला धरून होते, आणि आपण दिलेले नाव मुलाच्या मनात एका शब्दाच्या जागी दुसऱ्याच शब्दाचा अर्थ रुजवते. शब्दार्थाच्या शिक्षणात यापेक्षा मोठी गफलत क्वचितच आढळेल.

यापुढे क्रियापदे पाहावीत. आरंभाच्या घरावरून सोंगटी गेली की मूल म्हणते, 'मला पैसे मिळाले.' ते 'मी पैसे मिळवले' असे म्हणत नाही. मराठीत मिळणे आणि मिळवणे यांतील भेद स्पष्ट आहे. 'सुमनला दोनशे रुपये मिळाले' या वाक्यात सुमन चतुर्थीत आहे. ती संप्रदान आहे, पैसा तिच्याकडे आपण होऊन आला आहे. 'सुमनने दोनशे रुपये मिळवले' या वाक्यात ती तृतीयेत आहे, कर्ती आहे, आणि काही केल्यावाचून 'मिळवले' म्हणता येत नाही. मुलाची भाषा येथे अचूक आहे. पटावर त्याने खरोखरच काही केलेले नसते; फासे पडले आणि सोंगटी पुढे गेली, एवढेच. श्रमाचे वाक्य पटावर असते तर 'मिळवले' म्हणण्याला आधार राहिला असता.

पैसे जाण्याची क्रियापदे याहून बोलकी आहेत. 'भाडे लागले', 'दंड बसला', 'कर पडला', 'दिवाळे निघाले' असे आपण सहज म्हणतो. ऊन लागते, फटका बसतो, पाऊस पडतो. तीच क्रियापदे येथेही येतात. या रचनांत घेणारा दिसत नाही. भाडे हे कोणी तरी मागितलेले देणे आहे, त्यामागे एक माणूस, एक मालकीपत्र आणि एक कायदा आहे, हे या वाक्यांतून लोप पावते व भाडे ऋतुमानासारखे निसर्गसिद्ध भासू लागते. दोष मराठी भाषेचा नव्हे. 'तू माझ्याकडून भाडे घेतोस' हे वाक्यही मराठीच आहे. प्रश्न खेळ कोणत्या वाक्याची सवय लावतो हा आहे.

याबाबत मूळ नियमावलीतील एक तरतूद ध्यानात घेण्याजोगी आहे. मोनॉपलीच्या नियमांनुसार भाडे मागण्याची जबाबदारी मालकाची असते. ठरावीक वेळेत त्याने ते मागितले नाही तर ते बुडते. म्हणजे भाडे हे उक्तीवाचून अस्तित्वात येत नाही, त्याला कर्ता लागतो. ज्या घरात हा नियम काटेकोरपणे पाळला जातो त्या घरातील मुलाला भाड्याचे खरे स्वरूप अजाणता कळते.

दुसरी अशीच तरतूद लिलावाची. आलेल्या खेळाडूने जागा घेण्यास नकार दिला तर बँकेने तिचा लिलाव केला पाहिजे, असा लिखित नियम आहे. बहुतेक घरांत तो कोणी पाळत नाही. जागा तशीच पडून राहते. येथे शास्त्रापेक्षा रूढी बलवत्तर ठरली आहे, आणि त्यामुळे एक मोलाचा धडा गेला आहे. लिलावात मुलाला दिसते की, किंमत ही घेणाऱ्यांची गरज आणि ऐपत यांतून ठरते. तो नसला म्हणजे किंमत ही वस्तूवर छापून आलेली, वस्तूचाच एक गुण आहे, असा त्याचा समज होतो.

तिसरी गोष्ट बँकेची. मोनॉपलीच्या नियमांत बँक कधीही बुडत नाही. नोटा संपल्या तर साध्या कागदावर आकडे लिहून द्याव्यात अशी मुभा आहे. खेळ चालू राहण्यासाठी हे आवश्यक आहे हे उघड आहे. परंतु पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरात निर्बंध आले, आणि प्रारंभी खातेदारांना केवळ एक हजार रुपये काढण्याची परवानगी होती, ही घटना महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या स्मरणात आहे. ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली ती त्यानंतर, २०२० साली. पटावरच्या बँकेत ठेवीदार नसतोच. म्हणून बँकेचा पैसा हा कोणाचा तरी पैसा आहे, हे वाक्य त्या पटावर बोलता येत नाही.

४

येथवर जे लिहिले त्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खेळ तो खेळ. बुद्धिबळाने राजनीती शिकवावी अशी अपेक्षा आपण करीत नाही, मग याच खेळावर हा भार का? याचे उत्तर सोपे आहे. बुद्धिबळ राजनीतीचा पाठ म्हणून मुलांच्या हाती दिले जात नाही. ज्या खेळाची शिफारस व्यवहारज्ञानाचे साधन म्हणून होते, त्याची त्या कसोटीवर परीक्षा होणे न्याय्यच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फाशांवर चालणारा खेळ हा शेवटी दैवाचा खेळ. त्यातून व्यवहार शिकता येईल ही कल्पनाच चुकीची, असे कोणी म्हणेल. परंतु द्यूत आणि व्यवहार यांची सोयरीक आपल्या भाषेने फार पूर्वी नोंदवून ठेवली आहे. पाणिनीने दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील सत्तावन्नाव्या सूत्रात 'व्यवहृ' आणि 'पण्' हे दोन धातू समानार्थी असता त्यांच्या कर्माला षष्ठी सांगितली आहे, आणि द्यूत व क्रयविक्रय हेच त्यांचे समान अर्थ होत, असे टीकाकार स्पष्ट करतात. 'पणाला लावणे' यातील पण आणि कृषी पणन मंडळातील पणन ही एकाच धातूची रूपे आहेत. मराठीत फाशांच्या पडण्याला 'दान' म्हणतात, हेही मार्मिक आहे. दान हे दिलेले असते. ते कमावता येत नाही. मात्र दान पडल्यावर कोणती सोंगटी चालवावयाची ही खेळी खेळाडूची असते. सारीपाटात पिढ्यान्‌पिढ्या मुले हा भेद शिकत आली : दान आपल्या हाती नाही, खेळी आहे.

द्रव्यविषयक पटांचे श्रेय या ठिकाणी मान्य केले पाहिजे. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी सहा शक्यतांत बेरीज सात येते आणि बारा एकाच शक्यतेत येते, हे काही डावांनंतर मुलाच्या अंगवळणी पडते. सर्व रोकड जागांत गुंतवली तर पुढच्या भाड्याला पैसा उरत नाही, जागा गहाण टाकावी लागते आणि सोडवताना अधिक द्यावे लागते, हे त्याला कोणी न सांगता कळते. अदलाबदलीचा सौदा करताना समोरच्याला काय हवे आहे याचा विचार करावा लागतो. हे धडे खरे आहेत आणि व्याख्यानाने देता येण्याजोगे नाहीत. घरातील देणीघेणी २०१६ नंतर झपाट्याने दूरध्वनीच्या पडद्यावर गेली. तेव्हापासून पटावरच्या कागदी नोटा हेच पुष्कळ मुलांचे सुटे पैसे मोजण्याचे एकमेव क्षेत्र उरले आहे. म्हणूनच २००६ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या मोनॉपलीच्या एका आवृत्तीत नोटांच्या जागी पत्ते आणि हिशेब करणारे यंत्र आले, ही प्रगती मानावी की नाही याचा विचार केला पाहिजे. तेथे वजाबाकीही मुलाची उरत नाही.

५

खेळाने जे शिकवले जाते ते बोलण्यातून शिकवले जाते, हे केवळ भाषाशास्त्रज्ञाचे पक्षपाती मत नाही. गीता रमणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली अल्प उत्पन्न गटातील चार-पाच वर्षांच्या अमेरिकन मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक ते दहा अंकांची घरे असलेला साधा पट मुलांनी प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळला, आणि त्यांचे संख्याज्ञान वाढले; नऊ आठवड्यांनंतरही ती वाढ टिकून होती. घरांवर अंकांऐवजी रंग असलेल्या पटाने मात्र तो लाभ दिला नाही. एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी २०१४ साली आणखी एक बारकावा दाखवला. शंभरपर्यंतच्या पटावर सोंगटी चालवताना जी मुले घरावरचाच अंक उच्चारीत पुढे गेली, ती शिकली. जी प्रत्येक खेळीला एकपासून मोजत गेली, त्यांना तसा लाभ झाला नाही. पट तोच, फासे तेच. फरक उच्चारलेल्या शब्दांचा होता.

पैशाच्या संकल्पनांचीही हीच स्थिती आहे. गुस्ताव जाहोडा यांनी १९७९ साली ग्लासगोतील मुलांशी दुकानाचा खेळ खेळून असे दाखवले की, दुकानदार माल ज्या किमतीला घेतो त्याच किमतीला विकतो असे लहान मुलांना वाटते. नफ्याची कल्पना दहा-अकरा वर्षांच्या सुमारास स्थिरावते. झिंबाब्वेतील ज्या मुलांचा प्रत्यक्ष खरेदीविक्रीशी संबंध होता त्यांना ती लवकर कळते, असे त्यांच्या १९८३ च्या अभ्यासात आढळले. ब्राझिलमधील रेसिफे येथे रस्त्यावर फळे व खाद्यपदार्थ विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांची अठ्ठ्याण्णव टक्के उत्तरे बरोबर आली, पण तेच हिशेब नुसत्या आकड्यांत मांडून दिले असता सुमारे सदतीस टक्केच बरोबर आली. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयीचा २०२५ सालचा अभ्यासही हेच सांगतो. बाजारातील मुलांना शाळेचे गणित जमले नाही, आणि शाळेतील मुलांना बाजाराचे. ज्ञान एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात आपोआप जात नाही. त्याला पूल लागतो, आणि तो पूल बांधावयाचा तर दोन्ही क्षेत्रांत एकच वाक्य बोलता आले पाहिजे.

६

या विवेचनावरून पट शाळेतून हद्दपार करावा असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की, पट मुलांच्या पुढे टाकून शिक्षकाने बाजूला होणे पुरेसे नाही. पटावरून जी अक्षरे गळाली आहेत ती बोलण्याने भरून काढावी लागतील.

ते कठीण नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक देण्याघेण्याच्या वेळी मुलाने वाक्य पूर्ण बोलावे : कोणी, कोणाला, किती आणि कशाबद्दल दिले. कर्ता, संप्रदान, कर्म आणि हेतू ही चार पदे भरली गेली की, 'कशाबद्दल' या पदापाशी मूल आपोआप अडखळेल; आणि त्या अडखळण्यातच शिक्षण आहे. आरंभाच्या घरी मिळालेले पैसे कशाबद्दलचे, हे त्याला सांगता येणार नाही, आणि मग ते विचारील. दुसरी गोष्ट, लिलावाचा आणि भाडे मागण्याचा नियम पाळावा. तिसरी गोष्ट, एकाच पटावर दोन नियमावल्यांनी खेळावे. आज मालकाला भाडे द्यावे. उद्या जमिनीचे भाडे सार्वजनिक कोषात टाकून त्या कोषातून सर्वांचे वेतन वाढवावे. मग दोन्ही डावांच्या शेवटी कोणाजवळ किती उरले ते फळ्यावर मांडावे. यांपैकी कोणती व्यवस्था इष्ट, हे ठरवण्याचे काम शिक्षकाचे नाही. मॅगीचे मत मुलांनी स्वीकारावे असाही आग्रह नाही. त्या मतावर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहेत. परंतु नियम हे माणसांनी केलेले असतात आणि ते बदलले तर फलही बदलते, एवढे मुलाला दिसले म्हणजे त्याला अर्थव्यवहाराचे पहिले तत्त्व समजले असे म्हणावयास हरकत नाही. एकच नियमावली खेळणारे मूल त्या नियमावलीलाच जग समजते.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना या निमित्ताने एक काम सुचवावेसे वाटते. खेळताना मुले जे बोलतात त्याचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण व्हावे. पुणे, सोलापूर, मालवण, नागपूर येथील मुले एकाच पटावर पैशाविषयी कोणती क्रियापदे वापरतात, 'मिळणे' आणि 'मिळवणे' यांची वाटणी कशी करतात, दुकानदाराच्या किंवा शेतकऱ्याच्या घरातील मूल 'नफा', 'उधारी', 'भाव' हे शब्द निराळ्या अर्थाने योजते काय, हे पाहण्याजोगे आहे. व्याकरण आणि शिक्षण यांच्या सीमेवरचा हा अभ्यास थोड्या साधनांत होण्यासारखा आहे, आणि त्याचा उपयोग पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनाही होईल.

वित्तीय शिक्षणाचे जे साहित्य आज मुलांसाठी तयार होत आहे त्यात बचत, गुंतवणूक आणि जोखीम हे शब्द विपुल आहेत. त्यांतील किती वाक्यांत श्रम करणारा कर्ता म्हणून येतो, आणि किती वाक्यांत पैसा नुसताच 'मिळतो', 'वाढतो' आणि 'बुडतो', हे मोजून पाहिले पाहिजे. ज्या वाक्यांत केवळ फल आहे, त्यांतून मूल पैशाची वाट पाहावयास शिकेल. पैसा कोठून येतो हे विचारावयास शिकणार नाही.